प्रीफॅब घर घेताय? आधी जोत्याचं ड्रॉइंग मागा

कोटेशनवर ‘इको-फ्रेंडली’ छापलेलं दिसलं की मी आधी जोत्याचं ड्रॉइंग मागते. बहुतेक वेळा ते नसतंच. ‘पाया तुमच्या गवंड्याकडून करून घ्या, आम्ही फक्त वरचं देतो,’ असं उत्तर येतं आणि सगळा हिशेब तिथेच फिरतो. प्रीफॅब घरामुळे पर्यावरणाचं जे काही भलं होतं, त्यातला मोठा वाटा पायात वाचलेल्या सिमेंटचा असतो. चकचकीत पॅनलचं श्रेय त्यामानाने कमी.

मी सिव्हिल इंजिनिअर. भोर, वेल्हे, वाई या पट्ट्यात लहान घरं करते. हल्ली त्यातली बरीच प्रीफॅब असतात. इथे लिहितेय ते चार-सहाशे चौरस फुटांच्या, एकमजली, शेतावरच्या किंवा प्लॉटवरच्या घराबद्दल. म्हणजे बारीक गेजच्या पोलादी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर पॅनल, आणि सगळं कारखान्यात कापून ट्रकमधून येणारं. शहरातल्या प्रीकास्ट इमारतींचं गणित वेगळं, त्यात शिरत नाही.

कागदावरचा हिशेब

आमच्याकडे आरसीसी घराला चौरस फुटामागे साधारण ०.४ पोती सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो सळई धरतात. ५०० चौरस फुटांना २०० पोती, म्हणजे दहा टन सिमेंट, आणि पावणेदोन-दोन टन सळई. सिमेंटसाठी चुनखडी १,४५० अंशांपर्यंत भाजतात. त्याला इंधन लागतं ते वेगळंच, पण भाजताना खुद्द दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो भाग मोठा असतो आणि भट्टी कशावरही चालवली तरी सुटतोच. एक टन सिमेंटमागे ६०० किलो वायू धरला तर दहा टनांमागे सहा टन. पोलादाचं याहून वाईट: भारतात टनामागे सरासरी अडीच टन वायू. सळईचे पावणेपाच टन धरा. विटा पाचेक हजार. भट्टीत कोळसा की भाताचा तूस यावर आकडा बराच हलतो, तरी दोन-अडीच टन धरायला हरकत नाही. एकूण तेराच्या आसपास.

आता तेवढंच प्रीफॅब घर. सांगाडा आणि पत्रे मिळून अडीच ते तीन टन पोलाद. हो, आरसीसीपेक्षा जास्तच! त्याचे सात टन वायू. पॅनलमधला फोम पाव टनाच्या पुढे-मागे, त्याचा साधारण एक टन. पाया हलका केला तर ४०-५० पोती सिमेंट, त्याचे सव्वा-दीड टन. बेरीज साडेनऊच्या आसपास जाते.

हे सगळे अंगठ्याचे नियम आहेत, दर घराला थोडे बदलतील. पण तेरा आणि साडेनऊ यांत अंतर आहे साडेतीन टनांचं. आता यात कुणी तीन फुटी जोतं, चारी बाजूंनी प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई) आणि खाली सळई टाकून काँक्रीटची फरशी असं केलं, तर आणखी ८०-१०० पोती सिमेंट आणि अर्धा टन सळई लागते. म्हणजे पावणेचार ते सव्वाचार टन. सगळा फायदा जोत्यातच जिरला. वर तुम्ही कितीही हिरवं पॅनल लावा.

म्हणून पहिली पायरी: कोटेशन मागताना पायासकट मागा. पाया कोण करणार, त्यात किती पोती सिमेंट जाणार, हे लेखी घ्या. एवढं विचारल्यावर निम्मे विक्रेते गप्प होतात.

पाया

या घराचं वजन किती कमी असतं ते बघा. नऊ इंची विटांच्या भिंतीचं वजन चौरस मीटरला ४०० किलोच्या वर जातं. ५० मिमीच्या पफ पॅनलचं, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेल्या पॅनलचं, दहा किलो. इतक्या हलक्या घराला सुटे फूटिंग पुरतात: प्रत्येक खांबाखाली एक काँक्रीटचा ठोकळा, त्यात रोवलेले अँकर बोल्ट, वर बेस प्लेट म्हणजे खांबाच्या तळाची पोलादी पाटी. जमीन जमिनीसारखी राहते, पावसाचं पाणी घराखालून निघून जातं, भरावाचा मुरूम लागत नाही आणि उतारावरचा प्लॉट सपाट करायला जेसीबी बोलवावा लागत नाही. घरातली जमीन पोलादी तुळयांवर, त्यावर १८ मिमीचा फायबर सिमेंट बोर्ड. बोर्ड नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस आहे का ते विचारा. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे अजून सर्रास विकले जातात.

दोन गोष्टी इथे सांभाळायच्या. काळी माती असेल तर फूटिंग मुरूम लागेपर्यंत खाली न्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि बेस प्लेटची पातळी बिघडवते. दुसरी गोष्ट वाऱ्याची. हलकं घर खाली बसण्यापेक्षा वर उचललं जाण्याची भीती मोठी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडे किती पत्रे उडाले ते आठवा. वाऱ्याच्या भारतीय मानकात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे, मुंबईसाठी ४४. फूटिंगचं माप या उचलीवर ठरतं. त्यामुळे सिमेंट वाचवायच्या नादात अभियंत्याने सांगितलेल्या मापातून इंचही कमी करू नका.

भाटघरच्या पाण्यालगत एका निवृत्त एसटी ड्रायव्हर काकांचं घर केलं. काकांना जोतं चार फूट हवं होतं. ‘जोतं उंच नसेल तर घराला शोभा नाही’ हा त्यांचा मुद्दा, आणि तो मला पटतोही. शेवटी घर सुट्या ठोकळ्यांवरच ठेवलं आणि दर्शनी बाजूला शेतातल्याच काळ्या दगडाचा कोरडा चौथरा रचला, सिमेंटचा थेंब न घालता. काकू आता तिथे वाळवणं घालतात.

फूटिंग भरताना बोल्ट जागेवर धरायला प्लायवूडचा साचा करून घ्या. बेस प्लेटच्या भोकांप्रमाणे प्लायला भोकं पाडायची, बोल्ट त्यातून वर काढायचे, दोन्ही बाजूंनी नट आवळायचे आणि मग काँक्रीट ओतायचं. दुसऱ्या दिवशी कर्ण मोजायचे. हे केलं नाही की उभारणीच्या दिवशी बोल्ट भोकात बसत नाही. मग गॅस कटरने प्लेट जाळतात, तिथलं जस्त जातं आणि गंज बरोबर त्याच जागी सुरू होतो.

या ठोकळ्यांवर पाणी मारायचंच. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, फ्लाय अ‍ॅश म्हणजे कोळशाची राख असलेल्या पीपीसी सिमेंटला किमान दहा, असं मानक सांगतं. मी पीपीसीच वापरते, कारण त्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजलेला भाग, कमी असतं. ओलं गोणपाट गुंडाळलं की बादलीभर पाण्यात दिवस निघतो. आरसीसी घरात स्लॅब, भिंती, गिलावा या सगळ्यांवर पाणी मारायला एप्रिल-मे महिन्यांत टँकर आणतात. तो खर्च आणि ते पाणी इथे वाचतं. आमच्या भागात धरणं उशाला आणि टँकर दाराशी अशी गत असते, तेव्हा हा फायदा मला वायूच्या आकड्यांपेक्षाही मोठा वाटतो.

ड्रॉइंग गोठवा

बांधकामावर राडारोडा का होतो? कारण निर्णय बांधकाम चालू असताना होतात. गिलावा झाल्यावर स्विचची जागा बदलते, भिंत फोडतात. टाईल कापतात, निम्मी टाकतात. प्रीफॅबमध्ये हे टळू शकतं, पण आपोआप टळत नाही. कारखान्याला ‘अप्रूव्ह’ म्हणून सही देण्याआधी ओट्याची उंची, गिझरची जागा, इन्व्हर्टर, चिमणीचं भोक, संडासाचा पाइप कुठल्या बाजूने निघणार, देव्हारा कुठे, हे सगळं ठरलं पाहिजे. आणि वास्तुतज्ज्ञ बोलवायचे असतील तर सहीच्या आधी बोलवा. सही झाल्यावर स्वयंपाकघर आग्नेयेला सरकलं की कापलेलं पॅनल थेट भंगारात.

पॅनल बहुतेक ठिकाणी १,००० मिमी रुंदीचे मिळतात. खोलीची लांबी पूर्ण मीटरमध्ये ठेवलीत तर कापाकाप कमी होते. ‘दहा बाय दहा’ची खोली म्हणजे ३.०५ मीटर, आणि त्या पाच सेंटिमीटरसाठी चौथं पॅनल उभं चिरावं लागतं. तीन मीटर घ्या, कुणाला काही फरक कळत नाही. खिडक्याही शक्यतो पॅनलच्या सांध्याशी जुळवा.

उरलेल्या कटपीसचं काय करता, हेही कारखान्याला विचारा. पोलादाच्या पट्ट्या भंगारात जाऊन पुन्हा वितळतात. फोम चिकटलेले तुकडे मात्र कुणी घेत नाही. कारखान्यात ते जमा तरी होतात. साइटवर ते बांधावर पडतात आणि शेवटी कुणीतरी पेटवून देतं.

पोलाद आणि पॅनल निवडताना

पोलादाच्या कॉइलचं मिल सर्टिफिकेट, म्हणजे पोलाद कारखान्याचा दाखला, मागा. सांगाड्याला जस्ताचा थर चौरस मीटरला २७५ ग्रॅम हवा, व्यवहारात ‘झेड २७५’ म्हणतात. १२० ग्रॅमवालं स्वस्त पडतं, पण घाटमाथ्यावरच्या पावसात ते टिकेल असं मला वाटत नाही. समुद्रकिनाऱ्याजवळ तर याहूनही भारी कोटिंग लागतं. घर पन्नासऐवजी वीस वर्षांत बदलायला लागलं तर वरचा सगळा हिशेब अडीचपट बिघडतो, हे लक्षात ठेवा.

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने ‘ग्रीन स्टील’ची व्याख्या केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर तीन तारे, २ टनांच्या खाली चार, १.६ च्या खाली पाच. लहान घराच्या ऑर्डरला असं पोलाद मिळेलच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. प्रीफॅबमधला सगळ्यात मोठा आकडा पोलादाचा आहे, तर दुकानदाराला तिथेच छेडायला हवं.

पॅनलचे तीन प्रकार समोर येतील: पफ, थर्माकोल, रॉकवूल. पफ उष्णता सगळ्यात चांगली अडवतो. पण फोम फुगवायला कुठला वायू वापरतात, तो प्रश्न महत्त्वाचा. पूर्वी एचसीएफसी-१४१बी वापरत. ओझोनला घातक म्हणून भारताने तो १ जानेवारी २०२० पासून बंद केला. त्याजागी काही जण एचएफसी वापरतात, ज्यांतल्या काहींचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीच्या आसपास आहे. काही जण सायक्लोपेंटेन वापरतात, तो त्यामानाने अगदी नगण्य. ‘फोम सायक्लोपेंटेनचा आहे का?’ एवढंच विचारा. उत्तर देता आलं तर विक्रेता कारखान्याच्या जवळचा; नाही आलं तर तो मधला दलाल.

रॉकवूल म्हणजे दगड वितळवून केलेले तंतू; ते जड आणि महाग, पण जळत नाही. पफ जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. मी गॅसच्या ओट्यामागची भिंत रॉकवूलचीच घालायला लावते. थर्माकोलच्या वाटेला मी घरासाठी जात नाही. उंदीर त्यात फार आवडीने राहतात.

ट्रक

लोक विचारतात, माल लांबून आला तर फायदा उरतो का? डिझेलच्या लिटरमागे २.७ किलो वायू, ट्रक पाच किलोमीटरला लिटर पितो असं धरा. चाळीस किलोमीटरवरच्या कारखान्यातून येऊन-जाऊन ४३ किलो. काहीच नाही. तोच ट्रक दिल्लीकडून आला आणि रिकामा परत गेला तर दीड टन. म्हणजे महाराष्ट्रात मिळत असेल तर बाहेर जाऊ नका, पण वीस-पन्नास किलोमीटरचा घोर लावून घेऊ नका.

पूर्ण तयार खोलीच्या खोली ट्रकवर आणायची असेल तर मात्र रस्ता बघा. गाडीची कायदेशीर रुंदी २.६ मीटर, म्हणून तयार खोल्या अरुंद असतात. वरंधा घाटाच्या बाजूला किंवा पानशेतकडच्या वळणांवर त्या वळतही नाहीत, उतरवायला हायड्रा क्रेन लागते, आणि ट्रक निम्मा हवाच वाहतो. आमच्याकडे सुटे पॅनलच बरे. तीन मीटरचं पॅनल तीसेक किलोचं, दोन माणसं सहज उचलतात.

आणि जुने कंटेनर. न्हावाशेव्याहून आणून घर करायची फॅशन आहे. खरोखर निवृत्त झालेला कंटेनर असेल तर ठीक. पण चाळीस फुटी कंटेनरमध्ये तीन टनांहून जास्त पोलाद असतं आणि जागा मिळते तीनशे-सव्वातीनशे चौरस फूट. तेवढ्या पोलादात वरच्या हिशेबाने साडेपाचशे-सहाशे चौरस फुटांचं घर उभं राहतं. शिवाय त्याच्या तळाच्या प्लायवूडवर कीटकनाशक मारलेलं असतं. जवळजवळ नवा कंटेनर घर करायला विकत घेणं हे मला निव्वळ हौसेचं काम वाटतं.

उभारणीच्या दिवशी

या दिवशी तुम्ही स्वतः साइटवर हजर राहा. पॅनलच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली असते. ती पॅनल लावण्याआधी किंवा लावल्या-लावल्या सोलायची. आठवडाभर उन्हात राहिली की भाजून चिकटून बसते, मग नखाने खरवडावी लागते आणि तिच्या चिंध्या आजूबाजूच्या उसात उडतात. एका घराची फिल्म दोन मोठी पोती भरेल एवढी निघते. पहिल्याच सकाळी दोन रिकामी पोती खांबाला बांधून ठेवा आणि कामावरच्या मुलांना सांगा, सोलली की इथे. भंगारवाला स्वच्छ प्लास्टिक घेतो, मातीत लोळलेलं घेत नाही.

दुसरं, ग्राइंडर. साइटवर पत्रा कापायला पोरं सगळ्यात आधी ग्राइंडर हातात घेतात. ठिणग्यांनी कापलेल्या कडेचं जस्त जळतं आणि गरम कण आजूबाजूच्या रंगात रुततात. पहिल्या पावसानंतर तिथे तांबूस ठिपके उठतात. निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) किंवा पत्राकात्रीनेच कापायला सांगा. स्क्रू मारताना भोकातून पडणारा लोखंडी चुराही संध्याकाळी छपरावरून मऊ झाडूने झाडून घ्या. रात्रीच्या दवाने तो गंजतो.

तिसरं, छपराचा स्क्रू. त्याच्या टोपीखाली काळा रबरी वॉशर असतो. वॉशर टोपीच्या कडेपर्यंत फुगून जरासा दिसला की थांबायचं. आणखी आवळलं तर तो चिरतो, कमी आवळलं तर पाणी शिरतं. गळकं छप्पर म्हणजे दोन वर्षांनी सिलिकॉनच्या नळ्या, पाच वर्षांनी वर आणखी एक पत्रा. असा वाढीव पत्रा कुणाच्याच हिशेबात धरलेला नसतो.

ऊन

विटांची जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि उशिरा तापते. पॅनलला ते जमत नाही. त्याच्यात साठवायला वस्तुमानच नाही. त्यामुळे नुसता पफचा डबा उभा करून त्यात एसी लावलात, तर बांधताना वाचवलेले साडेतीन टन काही वर्षांच्या वीजबिलात निघून जातील. आपल्या विजेतला मोठा भाग अजून कोळशाचाच आहे.

उपाय जुनेच. पश्चिमेला पडवी, नाहीतर किमान तीन फुटांचा पत्र्याचा झाप. छपराचा रंग पांढरा किंवा अगदी फिका. विटकरी रंगाचा मोह सोडा. समोरासमोर खिडक्या, आणि गरम हवा निघायला आढ्याखाली झरोका, जाळी लावून. छपराला ५० ऐवजी ८० मिमी पॅनल घ्या. भिंतींवर पैसे वाचवा, छपरावर नको. भोरच्या पावसात पत्र्याचा ताशा वाजतो तोही जाड पॅनलने बराच कमी होतो.

घर उतरवायची सोय

वाईकडे जुना वाडा उतरवतात तेव्हा सागवानी खांब, तुळया, दारं, कौलं सगळं मोजून विकलं जातं आणि दुसऱ्या घरात लागतं. प्रीफॅबची खरी बरोबरी या वाड्यांशी व्हायला हवी. नटबोल्ट आणि स्क्रूने जोडलेलं घर उतरवून दुसरीकडे उभारता येतं. वेल्डिंग केलेलं घर फक्त कापता येतं. म्हणून करारात लिहून घ्या की साइटवर वेल्डिंग होणार नाही, आणि झालंच तर तुमच्या लेखी परवानगीने, वर जस्ताचा रंग मारून. पॅनलचे सांधे फोमने भरण्याऐवजी रबरी पट्टी आणि फ्लॅशिंगने (सांधा झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्टीने) बंद करायला सांगा, म्हणजे एखाद्या पॅनलला पोचा आला तर तेवढंच बदलता येतं.

प्रत्येक पॅनलला ड्रॉइंगवर नंबर असतो. तोच नंबर पॅनलच्या आतल्या कडेवर पक्क्या मार्करने लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी सुधारित ड्रॉइंग, स्क्रू-बोल्टची यादी, रंगाचा कोड आणि मिल सर्टिफिकेट फाइलमध्ये लावून घ्या. ‘प्रीफॅबला परवानगी लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका; बांधकाम परवानगी आणि जमिनीचे कागद पक्क्या घरासारखेच बघावे लागतात, तेही याच फाइलमध्ये. पहिला पावसाळा संपला की दिवाळीच्या आधी छपराचे स्क्रू तपासायचे, पन्हळी साफ करायच्या आणि बेस प्लेटजवळ साचलेली माती बाजूला करायची. माती साचली की ओल राहते, आणि खांब आधी तिथूनच गंजतो.